स्पिन साखळीचा हॅमिल्टोनियन मॅट्रिक्सच्या रूपात कसा मांडावा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ‘हायझेनबर्ग साखळीच्या ऊर्जापातळ्या संगणकावर काढा’ असे काम हाती येते, तेव्हा बहुतेकांची अडचण एकाच ठिकाणी होते. पाठ्यपुस्तकात एका इलेक्ट्रॉनच्या स्पिनच्या २×२ मॅट्रिक्स असतात आणि शोधनिबंधात एकदम २० स्पिनांची उत्तरे असतात. या दोन्हींच्या मधला रस्ता मात्र मार्गदर्शक ‘सोपा आहे, करून बघ’ एवढ्यावर सोडून देतात. तो रस्ता खरोखरच सोपा आहे, पण त्यावर असे काही खड्डे आहेत की त्यांत पडल्यावर प्रोग्रॅम बंद पडत नाही, तो शांतपणे चुकीचे उत्तर देतो. म्हणून या लेखात सूत्रांइतकाच भर पडताळणीवर दिला आहे.

उदाहरण म्हणून स्पिन-१/२ची हायझेनबर्ग साखळी घेतली आहे. एका ओळीत किंवा बंद कड्यात एन (N) स्पिन आहेत आणि शेजारच्या प्रत्येक जोडीसाठी ऊर्जेत ‘जे’ (J, म्हणजे क्रियेचे बळ) गुणिले एस१·एस२ हे पद आहे. या सगळ्या पदांची बेरीज म्हणजे हॅमिल्टोनियन (एच), साखळीच्या एकूण ऊर्जेचा ऑपरेटर. वेर्नर हायझेनबर्ग यांनी १९२८ मध्ये लोहचुंबकत्वाच्या संदर्भात ही कल्पना मांडली. इथे मात्र जे धन धरला आहे, म्हणजे शेजारचे स्पिन एकमेकांच्या उलट दिशेला राहणे पसंत करतात. पुढे सर्वत्र जे = १ आणि एच-बार (प्लँकचा स्थिरांक भागिले २π) = १.

सुरुवातीला काय जवळ असावे

• वही आणि पेन्सिल. पहिल्या तीन पायऱ्या संगणकाशिवायच करायच्या आहेत.
• पायथन आणि त्याच्या नमपाय व सायपाय या गणिती लायब्ररी. तिन्ही मोफत आहेत. ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप या लेखातील सगळ्या कामाला पुरतो.
• मॅट्रिक्सचा गुणाकार, आयगेनमूल्ये आणि बायनरी संख्या यांची ओळख.
• ज्या शोधनिबंधाशी उत्तर ताडून पाहायचे आहे त्यातील हॅमिल्टोनियन, स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेला.

शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नका. निबंधातील सूत्र उतरवताना चार प्रश्नांची उत्तरे बाजूला लिहा: जे धन असताना स्पिन समांतर होतात की उलट? सूत्रात स्पिन ऑपरेटर एस आहे की पाउली मॅट्रिक्स सिग्मा? साखळी खुली आहे की बंद? प्रत्येक जोडी एकदा मोजली आहे की दोनदा? जुन्या निबंधांत जे ऐवजी −२जे लिहिण्याची पद्धत सर्रास आढळते. एस म्हणजे सिग्माचा अर्धा भाग असल्यामुळे एस·एस आणि सिग्मा·सिग्मा यांत चारपटीचा फरक पडतो. तुमच्या आणि निबंधातील उत्तरांचे गुणोत्तर नेमके २ किंवा ४ येत असेल, तर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसण्याआधी हा कागद काढून पाहावा.

१. बेसिसचा क्रम ठरवा आणि लिहून ठेवा

ऑपरेटर आणि मॅट्रिक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑपरेटर अवस्थेवर काय परिणाम करतो हे भौतिकशास्त्र ठरवते. त्या परिणामाची आकड्यांत नोंद कोणत्या क्रमाने करायची हे आपण ठरवतो, आणि ती नोंद म्हणजे मॅट्रिक्स. त्यामुळे बेसिसमधील (आपण निवडलेल्या मूळ अवस्थांच्या संचातील) अवस्थांचा क्रम सांगितल्याशिवाय ‘ही एसझेडची (स्पिनच्या झेड दिशेतील घटकाची) मॅट्रिक्स’ या वाक्याला अर्थ नाही. एका स्पिनसाठी आपण ↑, ↓ हा क्रम घेऊ. दोन स्पिनांसाठी ↑↑, ↑↓, ↓↑, ↓↓ असा क्रम घेऊ. रिक्षाच्या जुन्या मीटरप्रमाणे यात उजवीकडचा स्पिन सर्वांत भराभर बदलतो आणि डावीकडचा सर्वांत सावकाश.

मॅट्रिक्स भरण्याचा नियम एकच आहे. बेसिसमधील तिसऱ्या अवस्थेवर ऑपरेटर चालवला की जे उत्तर येते, त्याचे सहगुणक तिसऱ्या स्तंभात लिहायचे. ओळीत नव्हे, स्तंभात. एसएक्स किंवा हॅमिल्टोनियन यांच्या बाबतीत ओळ-स्तंभांची अदलाबदल झाली तरी काही कळत नाही, कारण त्या मॅट्रिक्स सममित असतात. पण एस-प्लस (↓ला ↑ करणारा ऑपरेटर) लिहायला गेलात की एस-मायनस (त्याच्या उलट काम करणारा) हाती लागतो. त्यामुळे नवा प्रोग्रॅम लिहिताना पहिली चाचणी एस-प्लसवरच घ्यावी.

२. एका स्पिनच्या मॅट्रिक्स

वोल्फगांग पाउली यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या मॅट्रिक्सना २ने भागले की स्पिन-१/२चे ऑपरेटर मिळतात. ↑, ↓ या क्रमात एसझेडच्या कर्णावर १/२ आणि −१/२ येतात. एसएक्समध्ये कर्णाबाहेरच्या दोन्ही जागी १/२. एसवायमध्ये वर उजवीकडे −आय/२ (आय म्हणजे −१चे वर्गमूळ) आणि खाली डावीकडे +आय/२. यांच्या जोडीला एस-प्लस घ्या. तो ↓ला ↑ करतो आणि ↑ला शून्य करतो. त्याच्या मॅट्रिक्समध्ये वर उजवीकडे १ आणि बाकी सगळीकडे ० असते. एस-मायनस ही त्याचीच आडवी-उभी अदलाबदल.

तपासणी: एसएक्स गुणिले एसवाय वजा एसवाय गुणिले एसएक्स, याचे उत्तर आय गुणिले एसझेड यायला हवे. हा गुणाकार एकदा हाताने कराच. ज्यांना ↓ आधी आणि ↑ नंतर असा क्रम सोयीचा वाटतो, ते पुष्कळदा फक्त एसझेडची चिन्हे उलटवतात आणि एसवाय तशीच ठेवतात. मग ही तपासणी ऋण चिन्हाने फसते. क्रम बदलायचा असेल तर तिन्ही मॅट्रिक्सच्या ओळी आणि स्तंभ एकत्र बदलावे लागतात.

संगणकावर करताना दोन बारीक गोष्टी लक्षात ठेवा. नमपायच्या ॲरेमध्ये तारांकनाचे चिन्ह घटकाला घटकाने गुणते; मॅट्रिक्सच्या गुणाकाराला ‘ॲट’चे चिन्ह लागते. आणि वास्तव संख्यांसाठी तयार केलेल्या ॲरेत एसवायचे घटक भरायला गेलात, तर काल्पनिक भाग टाकून दिला जातो किंवा त्रुटी येते. म्हणून तो ॲरे सुरुवातीपासूनच संमिश्र संख्यांचा असावा.

३. दोन स्पिन आणि क्रोनेकर गुणाकार

बहुतेकांची पहिली मोठी गफलत इथे होते. सूत्रात एसएक्स१ गुणिले एसएक्स२ असे दिसले की एसएक्सच्या २×२ मॅट्रिक्सला तिच्याच मॅट्रिक्सने गुणले जाते. तिन्ही दिशांची बेरीज केल्यावर ३/४ गुणिले एकक मॅट्रिक्स मिळते, म्हणजे ते एकाच स्पिनचे एस-वर्ग झाले. त्यात दुसरा स्पिन कुठेच नाही. दोन स्पिनांच्या चार अवस्था असतात, म्हणून मॅट्रिक्स ४×४ हवी, आणि ती क्रोनेकर गुणाकाराने (चिन्ह ⊗) मिळते: पहिल्या मॅट्रिक्समधील प्रत्येक घटकाच्या जागी तो घटक गुणिले संपूर्ण दुसरी मॅट्रिक्स ठेवायची. फक्त पहिल्या स्पिनवर चालणारा ऑपरेटर हवा असेल तर एसझेड ⊗ एकक. फक्त दुसऱ्यावर चालणारा हवा असेल तर एकक ⊗ एसझेड.

हायझेनबर्ग पदासाठी एसएक्स आणि एसवाय यांच्या वाटेला न जाणे बरे. ती बेरीज अशीही लिहिता येते:

एस१·एस२ = एसझेड१ एसझेड२ + १/२ (एस-प्लस१ एस-मायनस२ + एस-मायनस१ एस-प्लस२)

यात काल्पनिक संख्या येतच नाहीत, त्यामुळे मेमरी निम्मी लागते. शिवाय मॅट्रिक्स काय करते हे नजरेला दिसते: पहिले पद समांतर जोडीला +१/४ आणि उलट जोडीला −१/४ देते, तर कंसातील पदे उलट जोडीची अदलाबदल करतात. एस-प्लस ⊗ एस-मायनस ही ४×४ मॅट्रिक्स उलगडली, तर तिच्यात एकच घटक शून्येतर निघतो: ↓↑च्या, म्हणजे तिसऱ्या, स्तंभात आणि ↑↓च्या, म्हणजे दुसऱ्या, ओळीत. सगळे जोडल्यावर असे दिसते:

| १/४   ०   ०   ० |
| ०   −१/४   १/२   ० |
| ०   १/२   −१/४   ० |
| ०   ०   ०   १/४ |

मधल्या २×२ चौकटीची आयगेनमूल्ये −१/४ + १/२ = १/४ आणि −१/४ − १/२ = −३/४. म्हणजे एकूण १/४ तीनदा (ट्रिप्लेट) आणि −३/४ एकदा (सिंगलेट). पुढे कितीही मोठा प्रोग्रॅम लिहिलात तरी एन = २ दिल्यावर हेच चार आकडे आले पाहिजेत.

४. एन स्पिनपर्यंत जाणे

एन स्पिनांच्या साखळीत आय क्रमांकाच्या (इथे आय हा स्पिनचा क्रमांक, −१चे वर्गमूळ नव्हे) स्पिनचा ऑपरेटर म्हणजे त्याच्या डावीकडच्या सगळ्या स्पिनांसाठी एकक, त्याच्या जागी २×२ मॅट्रिक्स आणि उजवीकडच्या सगळ्यांसाठी पुन्हा एकक. त्यासाठी एन वेळा क्रोनेकर गुणाकार करण्याची गरज नाही. पायथनप्रमाणे ०पासून मोजले तर डावीकडे २चा आय-वा घात एवढ्या आकाराची एकक मॅट्रिक्स आणि उजवीकडे २चा (एन−आय−१)-वा घात एवढ्या आकाराची एकक मॅट्रिक्स घेतली की दोनच गुणाकारांत काम होते.

खुल्या साखळीत एन−१ जोड्या असतात, बंद कड्यात एन. प्रोग्रॅममध्ये जोड्यांची यादी वेगळी तयार करून ती छापून पाहण्याची सवय लावून घ्या. एन = २ला बंद कड्याचा नियम लावला तर तीच जोडी दोनदा मोजली जाते आणि सिंगलेटची ऊर्जा −३/४ ऐवजी −१.५ येते.

आणखी एक बारकावा. हॅमिल्टोनियनमध्ये एखादी स्थिर ऊर्जा मिळवायची असेल, तर नमपायमध्ये ‘एच अधिक ०.२५’ असे लिहू नका. त्याने मॅट्रिक्सच्या प्रत्येक घटकात ०.२५ मिळवले जाते. स्थिरांकाला एकक मॅट्रिक्सने गुणूनच बेरीज करायची.

५. मॅट्रिक्स बरोबर आहे हे कसे ओळखावे

आयगेनमूल्ये काढण्याआधी खालच्या चाचण्या घ्याव्यात. सगळ्या मिळून प्रोग्रॅमच्या दहा-बारा ओळी होतात.

पहिली चाचणी हर्मिशियनपणाची: एच आणि त्याची संयुग्मी अदलाबदल यांतील सर्वांत मोठा फरक शून्याच्या आसपास हवा. ही चाचणी आपण स्वतः घ्यावी लागते, कारण नमपायमधील हर्मिशियन मॅट्रिक्सचे फंक्शन आपल्यावर विश्वास ठेवून चालते. ते मुळात फक्त कर्ण आणि त्याच्या खालचा त्रिकोण वाचते. वरच्या त्रिकोणात काहीही कचरा असला तरी ते तक्रार न करता सुबक वास्तव आयगेनमूल्ये देते.

दुसरी चाचणी कर्णाच्या बेरजेची. हायझेनबर्ग हॅमिल्टोनियनच्या कर्णावरील घटकांची बेरीज शून्य असते. एच-वर्गाच्या कर्णाची बेरीज मात्र शून्य नसते. ती जोड्यांची संख्या गुणिले ३/१६ गुणिले २चा एन-वा घात इतकी यायला हवी. माझ्या मते सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित चाचणी हीच आहे, कारण एखादी जोडी सुटली, दोनदा मोजली गेली किंवा एखाद्या पदाचा १/२ राहून गेला, की ती लगेच पकडते.

तिसरी चाचणी सममितीची. एकूण एसझेड आणि एकूण एस-वर्ग या दोन्ही मॅट्रिक्स एचबरोबर कोणत्याही क्रमाने गुणल्या तरी उत्तर सारखे यायला हवे. याचा दृश्य परिणाम असा की ऊर्जापातळ्या १, ३, ५ अशा गटांनी येतात (एन विषम असल्यास २, ४, ६). यादीत एखादी ऊर्जा दोनदाच दिसली आणि एन सम असेल, तर ते दोन वेगळे सिंगलेट आहेत की गटातील एखादी पातळी दशांश चुकीमुळे वेगळी पडली आहे, हे पाहावे.

चौथी चाचणी ठाऊक असलेल्या उत्तरांची. जे = १ धरून:

• तीन स्पिनांची खुली साखळी: −१ (दोनदा), ० (दोनदा), १/२ (चारदा).
• तीन स्पिनांचे कडे: −३/४ (चारदा), ३/४ (चारदा).
• चार स्पिनांचे कडे: −२ (एकदा), −१ (तीनदा), ० (सातदा), १ (पाचदा).
• चार स्पिनांची खुली साखळी: सर्वांत कमी ऊर्जा −१.६१६०.
• सहा स्पिनांचे कडे: सर्वांत कमी ऊर्जा −२.८०२८.
• आठ आणि दहा स्पिनांची कडी: अनुक्रमे −३.६५११ आणि −४.५१५४.

चार स्पिनांच्या कड्यावर एच-वर्गाची चाचणी तोंडीच करता येते: ४ × ३/१६ × १६ = १२, आणि यादीवरून ४ + ३ + ० + ५ = १२.

६. मेमरीचा हिशेब आणि विरळ मॅट्रिक्स

१० स्पिनांची मॅट्रिक्स १०२४×१०२४ असते. वास्तव संख्यांत ती ८ एमबी जागा घेते. १४ स्पिनांना २ जीबी लागतात, १६ना ३२ जीबी आणि २०ना ८ टीबी. म्हणजे पूर्ण मॅट्रिक्स साठवण्याची पद्धत साध्या लॅपटॉपवर १२-१३ स्पिनांपर्यंतच आरामात चालते. जिल बॉनर आणि मायकेल फिशर यांनी १९६४ मध्ये ११ स्पिनांपर्यंतच्या कड्यांवरून अनंत साखळीच्या चुंबकीय गुणधर्मांचे जे अंदाज बांधले, ते आजही उद्धृत होतात. तेव्हा १२ स्पिनांना कमी लेखू नका. प्रकल्पाचा निम्मा भाग तेवढ्यातच नीट होऊ शकतो.

त्यापुढे जायचे तर मॅट्रिक्समधील शून्ये साठवणे थांबवले पाहिजे. कोणत्याही एका अवस्थेवर हॅमिल्टोनियन चालवला तर फार तर एन नव्या अवस्था मिळतात, म्हणजे लाखो घटकांच्या स्तंभात शून्येतर घटक वीस-एकवीसच. सायपायमधील विरळ मॅट्रिक्सचा विभाग याचसाठी आहे आणि त्यातही क्रोनेकर गुणाकाराचे फंक्शन आहे. फक्त एकक मॅट्रिक्सही विरळ प्रकारचीच घ्या.

७. बिटांची पद्धत

क्रोनेकर गुणाकार समजायला उत्तम आहे, पण काम वाढले की बिटांची पद्धत वापरावी. कल्पना अशी: प्रत्येक अवस्था म्हणजे एक पूर्णांक, आणि त्याच्या बायनरी रूपातील १ म्हणजे ↑, ० म्हणजे ↓. प्रत्येक अवस्थेसाठी जोड्यांच्या यादीवरून एक फेरी मारायची. जोडीतील दोन्ही बिट सारखे असतील तर त्या अवस्थेच्या कर्णघटकात १/४ मिळवायचे. वेगळे असतील तर १/४ वजा करायचे, ते दोन बिट उलटवून येणारी नवी अवस्था काढायची आणि नव्या अवस्थेच्या ओळीत, जुन्या अवस्थेच्या स्तंभात १/२ मिळवायचे. बिट उलटवणे म्हणजे त्या दोन जागी १ असलेल्या संख्येशी ‘एक्सॉर’ करणे.

चार स्पिनांच्या कड्यावर हे करून पाहू. अवस्था ०१०१, म्हणजे ५. चारही जोड्या उलट आहेत, म्हणून कर्णघटक −१. उजवीकडून पहिले दोन बिट उलटवले की ०११०, म्हणजे ६. मधले दोन उलटवले की ००११, म्हणजे ३. डावीकडचे दोन उलटवले की १००१, म्हणजे ९. आणि दोन्ही टोकांचे उलटवले की ११००, म्हणजे १२. तेव्हा पाचव्या क्रमांकाच्या स्तंभात ६, ३, ९ आणि १२ या ओळींत १/२ आणि कर्णावर −१ येतो. उलट ००११ घेतली तर दोन जोड्या समांतर आणि दोन उलट असल्याने कर्णघटक शून्य, आणि नव्या अवस्था दोनच: ५ आणि १०.

इथेच एक सुंदर गोष्ट हाती लागते. ५ आणि १० या दोन अवस्थांचा सहगुणक अ, आणि ३, ६, ९, १२ या चारींचा ब असे धरले, तर आयगेनसमीकरणे दोनच उरतात: ऊर्जा × अ = −अ + २ब आणि ऊर्जा × ब = अ. यावरून ऊर्जा-वर्ग + ऊर्जा − २ = ०, म्हणजे ऊर्जा १ किंवा −२. सोळा ओळींच्या मॅट्रिक्सची सर्वांत खालची पातळी वहीच्या चार ओळींत निघाली. −२साठी ब = −अ/२ येतो. संगणकाने दिलेल्या आयगेनसदिशात हेच प्रमाण आणि हेच चिन्ह दिसते का ते पाहा. सगळ्या सदिशाचे चिन्ह उलटे असले तरी चालेल.

या पद्धतीतील सापळा क्रमाचा आहे. क्रोनेकर गुणाकारात शून्य क्रमांकाची अवस्था ↑↑↑↑ होती, बिटांच्या वरील नियमात ती ↓↓↓↓ झाली. शिवाय क्रोनेकर गुणाकारात पहिला स्पिन डावीकडे होता, बिटांची मोजणी उजवीकडून होते. नुसत्या हायझेनबर्ग साखळीत दोन्ही फरक लपून राहतात, कारण सगळे स्पिन उलटे केले किंवा साखळी आरशात पाहिली तरी ऊर्जा बदलत नाही. ज्या दिवशी चुंबकीय क्षेत्राचे पद किंवा एखाद्याच स्पिनवर चालणारे पद जोडाल, त्या दिवशी ते उघडे पडतात. म्हणून दोन्ही पद्धतींची तुलना करताना मुद्दाम एका टोकाच्या स्पिनवर क्षेत्र लावून, आयगेनसदिशांवरून प्रत्येक स्पिनच्या एसझेडची सरासरी ताडून पाहावी. केवळ ऊर्जा ताडून पाहणे पुरेसे नाही.

८. एकूण एसझेडचे गट

अदलाबदलीने ↑ची संख्या बदलत नाही, त्यामुळे ↑ची संख्या ठरवून फक्त तेवढ्याच अवस्थांची मॅट्रिक्स बांधता येते. २० स्पिनांच्या १०,४८,५७६ अवस्थांपैकी दहा ↑ असलेल्या अवस्था १,८४,७५६ आहेत, आणि त्या गटाच्या मॅट्रिक्समध्ये शून्येतर घटक सुमारे २१ लाख. मेमरी जेमतेम २५ एमबी. पूर्ण मॅट्रिक्सच्या ८ टीबीशी हा आकडा ताडून पाहा.

कृती अशी: गटातील पूर्णांक चढत्या क्रमाने एका यादीत ठेवा आणि प्रत्येक पूर्णांकाचा यादीतील क्रमांक पायथनच्या शब्दकोशात (डिक्शनरीत) नोंदवा. मॅट्रिक्समध्ये पूर्णांक नव्हे तर यादीतील क्रमांक वापरायचा, हे विसरू नका. ओळ, स्तंभ आणि मूल्य यांच्या तीन याद्या गोळा करून सायपायच्या सीओओ प्रकारच्या (नोंदींच्या यादीवरून बनणाऱ्या) विरळ मॅट्रिक्सला द्याव्यात आणि मग ती सीएसआर (ओळींनुसार साठवलेल्या) प्रकारात बदलावी. एकाच जागी अनेक नोंदी आल्या तर या बदलात त्यांची बेरीज आपोआप होते, आणि आपल्याला तेच हवे असते.

एक्स दिशेने क्षेत्र लावले की एकूण एसझेड टिकत नाही आणि ही सगळी सोय जाते. कड्याच्या फिरण्याच्या सममितीने गट आणखी लहान करता येतात, पण तिथे संमिश्र संख्या आणि प्रमाणीकरणाचे नवे गुंते येतात. पहिल्या प्रकल्पात त्यात शिरू नये असे मला वाटते.

९. खालच्या काही पातळ्या काढणे

विरळ मॅट्रिक्सची सगळी आयगेनमूल्ये काढायची नसतात. खालच्या चार-सहा पुरतात. कॉर्नेलियस लँक्झोस यांची १९५० मधील पद्धत त्यासाठीच आहे आणि सायपायमधील फंक्शन तिच्याच एका सुधारित रूपावर चालते. हे फंक्शन न सांगता वापरले तर परिमाणाने सर्वांत मोठी आयगेनमूल्ये देते, सर्वांत कमी नव्हे. ‘एसए’ हा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. ‘एसएम’ हा त्याच्यासारखा दिसणारा पर्याय शून्याच्या जवळची मूल्ये शोधतो. तो आपल्या कामाचा नाही.

एकाच ऊर्जेच्या एकाहून अधिक अवस्था असतील तर ही पद्धत त्यांतील एखादी गाळू शकते. म्हणून दोन पातळ्या हव्या असतील तर सहा मागाव्यात आणि लहान एनसाठी पूर्ण मॅट्रिक्सच्या उत्तरांशी ताडून पाहावे.

कड्याची प्रति-स्पिन ऊर्जा एन = ४, ६, ८, १० साठी अनुक्रमे −०.५०००, −०.४६७१, −०.४५६४, −०.४५१५ येते. हान्स बेथे यांच्या १९३१ मधील पद्धतीने अनंत साखळीसाठी हुल्थेन यांनी १९३८ मध्ये १/४ − लॉग २ (नैसर्गिक लॉग), म्हणजे −०.४४३१ हे मूल्य काढले. तुमचे आकडे एन-वर्गाच्या व्यस्तावर आलेखात मांडले तर जवळजवळ सरळ रेषेत त्याच मूल्याकडे जाताना दिसतील. एखादा बिंदू रेषेबाहेर गेला तर जोड्यांची यादी पुन्हा छापा.

१०. स्पिन-१ घ्यायचा असेल तर

प्रत्येक जागी तीन अवस्था, म्हणजे २च्या जागी ३चे घात. एस-प्लसमध्ये १ऐवजी √२ येतो, कारण सर्वसाधारण नियम √(एस(एस+१) − एम(एम+१)) असा आहे (एम म्हणजे त्या अवस्थेतील एसझेडचे मूल्य). सूत्रांत ‘सिग्मा भागिले २’ अशी सवय लागलेली असते ती इथे चालत नाही. दोन स्पिनांची आयगेनमूल्ये −२ (एकदा), −१ (तीनदा) आणि १ (पाचदा) आली की पुढे जा. डंकन हाल्डेन यांनी १९८३ मध्ये भाकीत केलेली ऊर्जेतील फट (सर्वांत खालच्या आणि तिच्या वरच्या पातळीतील अंतर), सुमारे ०.४१ जे, याच साखळीत दिसते. मात्र लहान कड्यांवर ती बरीच मोठी येते.

११. तयार पॅकेज वापरताना

क्यूटिप आणि क्यूस्पिनसारखी पॅकेजे हे सगळे काम करून देतात आणि पुढे ती वापरावीतच. पण क्यूस्पिनसारख्या पॅकेजात स्पिन-१/२साठी एस आहे की सिग्मा, हे एका पर्यायावरून ठरते आणि न सांगितल्यास काय धरले जाते ते माहितीपत्रकात आधी वाचावे. दोन स्पिनांची चार आयगेनमूल्ये छापली की शंका उरत नाही: −०.७५ आले तर एस, −३ आले तर सिग्मा.

१२. शेवटची परीक्षा: मजुमदार–घोष साखळी

सगळे जमले असे वाटल्यावर ही चाचणी घ्या. १९६९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करताना चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी एक साखळी अभ्यासली. तिच्यात शेजारच्या जोडीबरोबरच एकाआड एक असलेल्या स्पिनांमध्येही क्रिया आहे, आणि तिचे बळ शेजारच्या क्रियेच्या नेमके निम्मे आहे. एवढ्या गुंतागुंतीच्या साखळीची खालची अवस्था मात्र कमालीची साधी आहे: शेजारचे दोन-दोन स्पिन सिंगलेटमध्ये जोडले जातात आणि या जोड्यांचा एकमेकांशी संबंध उरत नाही. प्रत्येक सिंगलेटची ऊर्जा −३/४, सिंगलेट एन/२, म्हणून एकूण −३एन/८. जोड्या पाडण्याचे दोन प्रकार असल्यामुळे बंद कड्यात ही ऊर्जा दोनदा येते: सहा स्पिनांना −२.२५, आठला −३, दहाला −३.७५.

या एका चाचणीत लांबच्या जोड्यांची यादी, बळांचे प्रमाण आणि लँक्झोस पद्धतीत एकसारख्या पातळ्या सुटतात का, हे तिन्ही तपासले जाते. सुरुवात सहा स्पिनांपासून करा. चारच्या कड्यात पहिला आणि तिसरा स्पिन दोन्ही बाजूंनी एकाआड एक येतात, त्यामुळे सूत्राप्रमाणे ती जोडी दोनदा मोजायला हवी. यादीतील पुनरावृत्ती काढून टाकणारा प्रोग्रॅम ती एकदाच मोजतो, आणि मग दोन वेळा −१.५ येण्याऐवजी सर्वांत खाली एकच −१.७५ दिसते.